अर्ध्या खांबाचं स्वयंपाकघर

हिराबाईनं तंजावुरातल्या आपल्या घरात पहिलं पाऊल ठेवलं ते त्रेसष्ट सालच्या तै महिन्यात, म्हणजे जानेवारीत. पोंगल नुकताच होऊन गेला होता आणि गल्लीतल्या दारोदारच्या रांगोळ्या अजून पुसल्या नव्हत्या. राजवाड्याच्या मागच्या अंगाला ते भाड्याचं घर होतं. पुढे बसायला ओटा, ओट्यामागे दिवाणखाना, मग एक अंधारा बोळ, बोळाच्या शेवटी बुटकं दार आणि दारापलीकडे स्वयंपाकघर. नवऱ्यानं, म्हणजे सीतारामरावांनी, तिला घर दाखवायचं म्हणून पुढे होऊन दार उघडलं आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. नवरी एकोणीस वर्षांची. तिला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती वाकून आत गेली आणि आत गेल्यावर तिथेच उभी राहिली.

तिच्या माहेरी, मन्नारगुडीजवळच्या खेड्यात, स्वयंपाकघर म्हणजे चांगलं चौकोनी, चार चुलींचं. हे तर तिकोनी होतं. दाराकडची बाजू रुंद, चार माणसं पाटावर बसून जेवतील इतकी. तिथून पुढे दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकत जायच्या आणि पार टोकाला, जिथे चूल होती, तिथे दोन्ही कोपरं पसरली की दोन्ही भिंतींना लागायची. मधेच एक पायरी. चुलीकडची जमीन वीतभर खाली. आणि उजव्या भिंतीतून एक लाकडी खांब अर्धाच बाहेर आलेला, जणू कुणी पलीकडून इकडे येता येता भिंतीत अडकून राहिलं.

त्या खांबाची गोष्ट सीतारामरावांनी तिला त्याच दिवशी सांगितली. फार पूर्वी ते एकच मोठं घर होतं, दोन भावांचं. वाटणी झाली तेव्हा गवंड्यानं दोरी धरून सरळ भिंत घातली. दोरीच्या वाटेत खांब आला. वरचं आढं त्याच्यावर, तेव्हा काढायची सोय नाही. मग भिंतच खांबाला दोन्हीकडून येऊन भिडली. अर्धा खांब इकडे, अर्धा तिकडे. खांबावर पोपट कोरलेला होता. त्याची शेपटी आणि एक पाय हिराबाईच्या वाट्याला आला. चोच पलीकडे.

पलीकडे घरमालकीण शेषम्मा राहायच्या. हिराबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, लवकर विधवा झालेल्या, घरात तेलुगु, बाहेर तमिळ, आणि हिराबाईशी बोलता बोलता पुढे मराठीसुद्धा बोलायला लागलेल्या. त्यांचं सोवळं कडक. ओट्यावर बसवतील, कॉफी देतील, पण आपल्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. त्यामुळे पोपटाचं तोंड कसं आहे ते हिराबाईला त्यांच्याच तोंडून कळलं. दोन्ही घरांच्या चुलींना धुराडं एकच होतं, भिंतीच्या माथ्यावर. त्यातून धूर वर जायचा आणि बोलणं इकडून तिकडे. तिथूनच तिनं विचारलं होतं, तुमच्याकडच्या पोपटाच्या चोचीत काय आहे. जरा वेळानं उत्तर आलं, आंबा आहे.

धुराड्यातून काय काय गेलं आणि आलं त्याला गणती नाही. आज कोणती भाजी, कालव्याच्या पाण्याला आज कशी ओढ आहे, कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं. शेषम्मांच्या घरी सुंडकाई, ती वाटाण्याएवढी कडवट रानवांगी, तळली की हिराबाईच्या घरातला भात आपोआप जास्त जायचा. तिनं डांगरासाठी उडीद भाजायला घेतला की पलीकडून प्रश्न यायचा, भाजताना जरा पुढे गेला ना. बहुतेक वेळा गेलेला असायचा. एकदा दोघींचं कशावरून तरी बिनसलं तेव्हा हिराबाई म्हणाली, चोच तुमच्याकडे आहे, तेव्हा शेवटचा शब्दही तुमचाच असणार. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

दाराच्या चौकटीला हिराबाईनं पहिल्याच महिन्यात एक उशी शिवून बांधली. जुन्या साडीची, आत कापूस. सीतारामराव सहा फूट उंच. ते बस स्टँडवर टाइमकीपर होते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि गाडी लागली की पुकारा करायचा, हे त्यांचं काम. तिरुवैयारु, कुंभकोणम, पट्टुकोट्टै. पुढे स्टँडवर माइक आला तरी त्यांना तो लागला नाही. दुपारी दोनला ते घरी येत, आणि ते कपाळ उशीवर टेकवून, वाकून आत शिरेपर्यंत हिराबाईचा भात वाढून झालेला असे.

तिला वेळ कळायची ती कौलातल्या काचेवरून. छपरात एकच काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली यायचा, रुपयाएवढा, आणि दिवसभर भिंतीवरून, फळ्यांवरून चालत राहायचा. नऊ वाजता तो चिंचेच्या मडक्यावर. दहा वाजता मिठाच्या बरणीवर. तिथून उतरून पायरीवर यायचा, आणि दुपारी पोपटाच्या शेपटीवर चढला की हिराबाई ताट मांडायला घ्यायची. मुलगा मुरलीकृष्ण रांगायला लागला तेव्हा तो त्या कवडशाच्या मागे मागे फिरायचा. हात टाकायचा, उचलायला बघायचा, हात उघडला की उजेड हाताच्या पाठीवर. पुढे तो त्याच खांबाला पाठ लावून अभ्यास करायचा. दिवाणखान्यात टेबल होतं, पण तिथे त्याचं गणित सुटत नाही म्हणायचा.

अशी पंचवीस वर्षं गेली. चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. धुराड्याला आता धुराचं काम नव्हतं. बोलण्याचं होतं.

हिराबाईच्या डोळ्यांना काय होतंय ते कळायला उशीर झाला, कारण ते त्या स्वयंपाकघरात कळण्यासारखंच नव्हतं. समोरचं दिसायचं, कडेचं जायचं. उजवीकडे काही तरी कमी व्हायला लागलं, मग डावीकडे. पण तिथे डावी-उजवीकडे बघायची गरजच काय होती. हात लांब केला की मीठ, कोपर मागे नेलं की हिंगाची डबी. चुलीकडे जावं तसं ते घर आधीपासूनच अरुंद होत जायचं, तेव्हा जगही अरुंद होत चाललंय हे तिच्या लक्षात आलं तरी तिनं ते फार मनावर घेतलं नाही. बाहेर मात्र ती गल्लीत उभ्या असलेल्या एका मोपेडवर सरळ चालत गेली आणि गुडघा फोडून घेतला. हे एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात. मग मदुरैच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवू, असं म्हणाले. थेंब दिले. ती नेमानं घालायची.

उरलेली फार टिकली नाही. माणसांचे चेहरे गेले, मग भांड्यांच्या कडा गेल्या. शेवटी दिसत राहिला तो कवडसा. सगळीकडे दाट करडं काही तरी, आणि त्यात एक गोल, लखलखीत, हळूहळू सरकणारा. ती भाजी चिरताना मधेच मान वर करून तो कुठे आहे बघायची आणि पुन्हा चिरायला लागायची. तेवढ्या उजेडावर ती आणखी वर्षभर रांधत होती.

त्र्याण्णव सालात एका सकाळी सीतारामराव कॉफी पीत पायरीवर बसले होते. नुकतेच निवृत्त झाले होते आणि सकाळचं काय करावं ते अजून त्यांना सुचत नसे. हिराबाईनं मान वर केली.

"आज ढग आलेत का हो?"

सीतारामरावांनी बघितलं. कवडसा मिठाच्या बरणीवर झळझळत होता. बरणीची चिनी माती दुधासारखी उजळली होती.

"आलेत," ते म्हणाले. "दाट आलेत."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. शेषम्मा धुराड्यातून म्हणत होत्या की काय हे ऊन, तीन दिवस झाले, सांडगे वाळत टाकले ते तासात खडखडीत झाले. हिराबाईनं हातातली विळी आडवी केली, पाटाखाली सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सीतारामराव तिच्याजवळ जाऊन बसले. भात मात्र त्या दिवशी करपला, आणि त्या घरात भात करपण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर सीतारामराव स्वयंपाकाला लागले. तोपर्यंत त्यांना कॉफीसुद्धा करता येत नव्हती. हिराबाई जवळ बसून सांगायची, ते करायचे. मोहरी तडतडली का ते तिनं ऐकायचं, कढीपत्ता त्यांनी टाकायचा. मग हळूहळू तिला वाटायला लागलं की आपल्यालाही जमेल, फक्त कुणी वस्तू सांगायला हवी. आणि वस्तू पुकारायला त्या माणसाइतका लायक दुसरा कोण असणार. ते पायरीवर उभे राहायचे आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारा करायचे: पहिल्या फळीवर रवा, रव्याच्या पलीकडे पोहे, तूरडाळ खालच्या फळीवर, आज जागा बदलून डावीकडे. मग धुराड्यातून शेषम्मा म्हणायच्या, सीतारामराव, तुमची गाडी आमच्याकडे पण थांबते का, जरा हिंग पाठवा.

हिराबाईला पुढे कधी कुणी विचारलं की तुझे चांगले दिवस कोणते, तर ती लग्नाचे सांगायची नाही, मुलगा झाला तेव्हाचे सांगायची नाही. ती हीच चार वर्षं सांगायची, त्र्याण्णव ते सत्त्याण्णव. नवऱ्याचा आवाज दिवसभर घरात असायचा. दोघांनी मिळून केलेलं पिठलं कधी पातळ, कधी गोळा, पण ते दोघांचं असायचं. डोळे मिटले काय आणि उघडले काय, तिला ते स्वयंपाकघर जसंच्या तसं दिसायचं, कारण बघितलेली शेवटची गोष्ट तीच होती. काजळीनं काळी झालेली टोकाकडची भिंत. दूध कढवताना पितळी भांड्यावर धरणारी साय. बरण्यांची रांग, एक उंच, एक बुटकी, एकीला टवका. त्या चित्राला धूळ बसत नव्हती.

सत्त्याण्णव साली मुरलीकृष्णनं मेडिकल कॉलेज रस्त्याकडच्या नव्या वस्तीत घर बांधलं. तो त्रिचीला कारखान्यात होता, रोज येऊन-जाऊन करायचा. वर्षभरापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. सून वर्षा बंगळूरची, शाळेत गणित शिकवणारी. त्याच सुमाराला शेषम्मांच्या मुलीनंही आईला कोइमतूरला बोलावून घेतलं आणि दोन्ही अर्धी घरं एकाला विकून टाकली. तो तिथे कॉम्प्युटरचे वर्ग काढणार होता. त्या वर्षात गावात बघावं तिथे असले वर्ग निघत होते. शेषम्मा जायच्या दिवशी धुराड्यातून काही बोलल्या नाहीत. बोळातून आल्या, उशीच्या चौकटीखालून वाकून आत आल्या, आणि हिराबाईचा हात बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत त्या तिच्या स्वयंपाकघरात आल्या त्या एवढ्या एकदाच.

नवं स्वयंपाकघर चांगलं होतं, हे सगळेच म्हणायचे. चौकोनी, ग्रॅनाइटचा ओटा, उभ्यानं रांधायचं, भिंतीत कपाटं, हवा बाहेर फेकणारा पंखा. वर्षानं मोठ्या काळजीनं सगळे डबे एकसारखे घेतले होते, स्टीलचे, एका मापाचे, एका ओळीत. हिराबाईनं पहिल्या दिवशी त्यांच्यावरून हात फिरवला. सगळे थंड, सगळे सारखे. पंखा चालू असला की मोहरीचा आवाज ऐकू येत नव्हता आणि वास येण्याआधीच निघून जात होता. कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा तिच्या कपाळाला दोनदा लागला. सीतारामरावांनी पुकारा करून बघितला, पण त्या खोलीत आवाज घुमायचा आणि वर्षा शाळेच्या वह्या तपासत असायची, त्यांना संकोच वाटला. दहा दिवसांनी हिराबाई आपणहून बाहेरच्या खोलीत येऊन बसली. तिथे टीव्ही होता, केबल होती, पंचवीस चॅनेल होती. ती कुठलंही चालू असलं तरी हरकत घ्यायची नाही.

कारण ती तिथे नसायचीच. नाश्ता झाला की ती खुर्चीत मान मागे टेकायची आणि जुन्या बोळातून चालायला लागायची. अकरा पावलं, मग वाकायचं. आधी फळ्या बघायची, मग बरण्या. कवडसा शोधायची आणि तो जिथे सापडेल तिथून वेळ ठरवून कामाला लागायची. रसवांगी करायची तर वांगी निवडण्यापासून. खोबरं, धणे, हरभराडाळ भाजायची, पाट्यावर वाटायची, चिंचेचा कोळ काढायची. घाई नव्हती. मधेच मुरलीकृष्ण रांगत यायचा, तीन वर्षांचा होऊन निघून जायचा. धुराड्यातून तळणीचा वास यायचा. कधी कधी आमटीला उकळी फुटेपर्यंत तिथे तिसरा प्रहर होऊन जायचा आणि इकडे खुर्चीतल्या हिराबाईला कुणी तरी कॉफी आणून दिलेली निवून गेलेली असायची.

एका शनिवारी वर्षा शाळेतून लवकर आली. सासूचे दोन्ही हात हवेत होते. उजवा गोल फिरत होता, डावा काही तरी धरून होता. वर्षा आधी घाबरली. मग खाली बसली आणि बघत राहिली. हात थांबले, काही तरी चिमटीत उचललं, टाकलं, पुन्हा फिरायला लागले.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "काय वाटताय?"

हिराबाई दचकली नाही. "डांगराचं पीठ कालवतेय," ती म्हणाली. "दही आंबट आहे आज."

मग वर्षानं एकेक विचारलं आणि हिराबाईनं एकेक सांगितलं. भिंत कशी तिरकी, खांब कसा अर्धा, शेपटी कुठे, चोच कुठे. वर्षानं वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्या स्वयंपाकघराचा त्रिकोण काढला, कोन मोजल्यासारखे लिहिले. संध्याकाळी मुरलीकृष्णला दाखवला तर तो कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, पायरी राहिली. मग त्यानं पायरी काढली.

त्यानंतर हिराबाई धरून बसली की मला एकदा तिकडे न्या. वर्षाला वाटलं यात काय अवघड आहे. पण सीतारामराव दर वेळी काही तरी सांगून टाळायचे. वर्ग चालू असतील, लोकांना आवडणार नाही, ऊन फार आहे. ती विचारायची, घर तसंच आहे ना. ते म्हणायचे, आहे तसंच आहे. खरं म्हणजे ते एकटेच एकदा तिकडून जाऊन आले होते आणि आल्यावर दोन दिवस नीट जेवले नव्हते. शेवटी वर्षानंच जाऊन तिथले वर्ग चालवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या तरुण होत्या, भल्या होत्या. रविवारी सकाळी वर्ग नसतो, तेव्हा या म्हणाल्या.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात ते दोघं रिक्षानं गेले. वर्षा बरोबर होती. दारात चपला काढायला सांगितल्या, देवळात शिरताना काढाव्यात तशा. आत थंडगार हवा होती आणि नव्या रंगाचा वास. हिराबाईनं नवऱ्याचा हात सोडला आणि पावलं मोजली. अकरावर थांबली, वाकली, आणि वाकूनच पुढे गेली. तिथे आता दारही नव्हतं, चौकटही नव्हती. वर्षानं बघितलं तर मागून सासरेही वाकूनच आत येत होते.

हिराबाईनं पाय पुढे करून पायरी चाचपली. जमीन सपाट होती, वर काही तरी मऊ अंथरलेलं. ती पुन्हा पुढे झाली, पुन्हा चाचपलं. मग तिनं चुलीच्या टोकाकडे जाण्यासाठी दोन्ही कोपरं पसरली. कोपरांना काहीच लागलं नाही. ती तशीच हात पसरून उभी राहिली, मोठ्या मोकळ्या जागेत, आणि तोंडावरचा रंग उतरला.

सीतारामराव म्हणाले, "हिरा, उजवीकडे चार पावलं ये."

त्यांनी तिला नावानं हाक मारली ती वर्षानं पहिल्यांदाच ऐकली. हिराबाई चार पावलं गेली. हाताला लाकूड लागलं. शेपटी लागली, एक पाय लागला. ती कड शोधायला लागली, जिथे भिंत सुरू व्हायची ती. बोटं पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि वळून पलीकडे निघाली.

"हा तर सगळा आहे," ती म्हणाली.

"भिंत पाडली त्यांनी. मोठी खोली हवी होती. खांब ठेवावाच लागला." ते तिच्याजवळ आले. "मला तुला सांगवेना."

ती ऐकत नव्हती. तिनं दुसरा पाय शोधला. पंख शोधला, एकावर एक पिसं, बारीक खाचांची. मग मान, मग डोळा, मग बाकदार चोच. चोचीतल्या वस्तूवर तिची बोटं थांबली. रंगवताना सगळी काजळी घासून काढली होती, तेव्हा एकेक रेघ हाताला लागत होती. तिनं दोनदा, तीनदा चाचपलं. मग ती हसायला लागली. नवी नवरी असताना हसली होती तशी, पदर तोंडाशी धरून.

"आंबा नाही हा. साळीची लोंबी आहे. दाणे लागतायत हाताला. शेषम्मा इतकी वर्षं आंबा सांगत आल्या."

वर्गाच्या बाईंनी जवळ येऊन बघितलं आणि त्यांनाही ते तेव्हाच दिसलं. हिराबाईनं खांबाला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, तिचे हात पुरेपूर पोचले. गाल लाकडाला लावून ती थोडा वेळ उभी राहिली. रडेल असं सीतारामरावांना वाटलं होतं. ती रडली नाही. कॉम्प्युटर चालू करून दाखवू का असं बाईंनी विचारलं तर ती होय म्हणाली, आणि खुर्चीत बसून त्या डब्यांची घरघर कान देऊन ऐकली. ओल्या तांदळाचं दळण दुरून ऐकू यावं तसं वाटतं, असं ती म्हणाली.

परतताना रिक्षात तिनं नवऱ्याला पत्र लिहायला सांगितलं. त्यांनी घरी येऊन तमिळमध्ये कोइमतूरला लिहिलं. पंधरा दिवसांनी शेषम्मांचं उत्तर आलं, की काजळीत सगळंच आंब्यासारखं दिसतं, आणि इथे तिसऱ्या मजल्यावर बोलायला धुराडं नाही, फोन आहे, पण फोनवर फोडणीचा वास येत नाही.

खुर्चीतून बोळात जाणं मात्र त्या दिवसापासून अवघड झालं. हिराबाई डोळे मिटायची, अकरा पावलं चालायची, आणि आत गेली की भिंत कधी असायची, कधी नसायची. बरण्या जागेवर नसायच्या. एका दुपारी ती अशीच अर्ध्या वाटेवरून परत आली आणि उठून नव्या स्वयंपाकघरात गेली. सीतारामराव मागे यायला लागले तर त्यांना म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, आज पुकारा नको. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं हात फिरवला. कपाटं उघडली, मिटली. जमिनीवर बसून खालचे कप्पे बघितले. असं तिनं चार दुपारी केलं. पाचव्या दिवशी वर्षाला सांगितलं की रोज लागणाऱ्या जिनसांच्या कपाटाची दारं काढून टाक, पंखा मी सांगेन तेव्हाच लाव, आणि डब्यांपैकी तिखटाच्या डब्याला दोरा बांध, मिठाच्याला दोन. वर्षानं त्याच दिवशी सुतार बोलावला.

पहिल्या पिठल्यात गुठळ्या झाल्या. दुसरं जमलं. तिसऱ्या वेळी वर्षा ताटाजवळ बसून म्हणाली की मला हे शिकवा, आणि हिराबाईनं तिला शिकवलं, पण डोळे मिटून करायला लावलं. सुरुवातीला वर्षाचं सगळं सांडायचं. मुरलीकृष्ण शनिवारी घरी असला की दोघींकडे बघत दारात उभा राहायचा आणि त्याला आत जायची परवानगी नसायची.

त्या मार्गशीर्षात एका दुपारी हिराबाई जेवून लवंडली आणि तिला झोप लागली. उठली ती सरळ वर्षाकडे आली.

"तुझं स्वयंपाकघर दिसलं मला," ती म्हणाली. "स्वप्नात. मी आपली ओट्यापाशी उभी होते आणि खिडकीतून ऊन येत होतं. ओटा काळा आहे ना, त्यात पांढरे ठिपके?"

वर्षा म्हणाली, होय, तसाच आहे.

"आणि भिंती हिरव्या. केळीचं नवं पान उलगडतं ना, तसल्या."

वर्षानं भिंतींकडे बघितलं. भिंती पिवळट होत्या, फिक्या. ते सांगावं की नाही असा विचार तिच्या मनात आला, पण जुन्या घरातल्या त्या ढगांची गोष्ट तिनं ऐकली होती.

"नाहीत, आत्याबाई. पिवळ्या आहेत."

"असं होय," हिराबाई म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. "मग मी काय करणार. मला तर हिरव्या दिसल्या."

पोंगलच्या आधी सगळी गल्ली घरं रंगवून घेते. रंगारी आला तेव्हा वर्षानं मागच्या परसातलं केळीचं कोवळं पान कापून त्याच्या हातात दिलं आणि हाच रंग आण म्हणून सांगितलं. त्यानं तीन डबे मिसळून बघितले, तिसऱ्या वेळी जमलं. दोन दिवस स्वयंपाक अंगणात झाला. तिसऱ्या दिवशी भिंती वाळल्यावर हिराबाई आत गेली, भिंतीवर तळवा ठेवला, आणि वर्षाला म्हणाली की आता शकुनाचं दूध उतू जाईपर्यंत कुणी आत येऊ नका, आजची खीर माझी.